वात्सल्य आणि बाल्य

बाल्याच्या इतिहासाची चर्चा युरोपात गेली साठ-पासष्ट वर्षे ज्या ग्रंथाभोवती फिरत आली आहे, तो फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराचा ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. मध्ययुगीन चित्रांतली मुले मुलांसारखी दिसत नाहीत. मोठ्यांचाच पोशाख, मोठ्यांचीच ठेवण आणि मोठ्यांचेच गांभीर्य धारण करून ती केवळ उंचीने कमी असतात, या निरीक्षणापासून आरंभ करून, मध्ययुगीन समाजाला बाल्य या स्वतंत्र अवस्थेची कल्पनाच नव्हती, या निष्कर्षापर्यंत आरिएस पोहोचला. बाल्याची कल्पना नसणे म्हणजे मुलांविषयी ममता नसणे असे कोणी समजू नये, हा इशारा त्याने स्वतःच देऊन ठेवला होता. परंतु मोठ्या सिद्धांताच्या मागून चालणारी माणसे सिद्धांत तेवढा उचलतात आणि इशारा वाटेत टाकून देतात, तसे येथेही झाले. १९७४ साली लॉइड डिमॉस या अमेरिकन लेखकाने तर असे प्रतिपादन केले की इतिहासात जसजसे मागे जावे तसतशी मुलांच्या वाट्याला अधिकाधिक अनास्था आणि क्रौर्य आलेले दिसते. जणू आईबापांचे हृदयच शतकाशतकाने सुधारत आले आहे. पुढे १९८३ मध्ये लिंडा पोलॉक या विदुषीने शेकडो रोजनिश्या आणि आत्मवृत्ते तपासून या मताचे खंडन केले आणि सोळाव्या शतकातला बापही आजारी मुलाच्या उशाशी आजच्या बापाइतकाच व्याकूळ होऊन बसत असे, हे साधार दाखवून दिले.

हा वाद परदेशी विद्यापीठांतला म्हणून बाजूला ठेवता आला असता. परंतु तोच वाद, निराळ्या शब्दांत आणि फार थोड्या अभ्यासाने, आमच्या पालघर जिल्ह्यातल्या बोईसर-सरावलीच्या परिसरात नित्य चाललेला असतो. दिवाळी सरली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कुटुंबे बिऱ्हाड डोक्यावर घेऊन वीटभट्ट्यांच्या वाटेला लागतात, मुलांची नावे हजेरीपटावर राहतात आणि मुले निघून जातात. आणि मग शाळेच्या कचेरीत, कारखान्याच्या फाटकाशी, सकाळच्या लोकलच्या डब्यात एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘या लोकांना पोरांची पर्वाच नाही.’ बोलणारी माणसे दुष्ट नसतात, पुष्कळदा ती मनाने चांगलीच असतात. तरीही हे वाक्य असत्य आहे, अन्यायाचे आहे, आणि ज्या विचारदोषातून ते जन्म घेते तो दोष उघड करून दाखवावा यासाठीच हा लेख लिहीत आहे.

वात्सल्य आणि बाल्य या दोन भिन्न वस्तू आहेत. वात्सल्य ही मनुष्यजातीची मिरास आहे. ती राजवाड्यात जितकी आहे तितकीच पाड्यावरच्या कुडाच्या घरात आहे, आणि तिच्या मागील टोकाचा शोध लागेल असे मला वाटत नाही. बाल्य, म्हणजे आयुष्याच्या आरंभीची काही वर्षे पोटाच्या चिंतेपासून, मजुरीपासून, विवाहापासून आणि टाळता येण्याजोग्या मरणापासून राखून ठेवण्याची व्यवस्था, ही मात्र सनद आहे. सनद कोणीतरी द्यावी लागते, तिच्यामागे वसूल लावून द्यावा लागतो आणि देणाऱ्याची मर्जी फिरली तर ती खालसाही होते. आईबाप वात्सल्य देऊ शकतात. बाल्य देणे त्यांच्या एकट्याच्या हातात कधीच नव्हते. समाज या दोहोंची गल्लत करतो तेव्हा सनद न मिळालेल्या माणसावर तो मिरास बुडवल्याचा आळ घेतो.

ही गल्लत दृढ करण्यात बाल्याच्या संग्रहालयांचा वाटा लहान नाही. लंडनच्या बेथनल ग्रीन या श्रमिकांच्या वस्तीत १८७२ साली उघडलेले संग्रहालय १९७४ पासून बाल्याचे संग्रहालय म्हणून ख्याती पावले आणि २०२३ मध्ये नव्या नावाने पुन्हा उघडले; जगभरच्या अशा संस्थांचा तो आदर्श म्हणता येईल. तेथील बाहुलीघरे प्रसिद्ध आहेत: बोटभर खुर्च्या, नखाएवढी ताटे, स्वयंपाकघरापासून शयनगृहापर्यंत संपूर्ण संसार. अशा वस्तूंपुढे उभा राहणारा प्रेक्षक नकळत असे अनुमान बांधतो की ज्या घरात हे खेळणे होते त्या घरात मुलावर प्रेम होते, आणि पुढच्या पावलाला, ज्या घरातून काहीच आले नाही त्या घराविषयी त्याचे मन रिकामे राहते. वस्तुतः बाहुलीघर जे सिद्ध करते ते इतकेच, की त्या घरात पैसा होता, जागा होती आणि ते खेळणे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून ठेवणारी माणसे होती. त्याच लंडनात दुसरे एक संग्रहालय आहे आणि ते मला अधिक सत्यनिष्ठ वाटते. टॉमस कोरम नावाच्या खलाशाने खटपट करून १७३९ मध्ये टाकलेल्या मुलांसाठी एक आश्रम स्थापिला होता, त्याचा इतिहास तेथे जतन केलेला आहे. मूल आश्रमाच्या हवाली करताना, पुढेमागे दिवस पालटले तर ओळख पटावी म्हणून माता त्याच्यासोबत एखादी खूण ठेवीत: कापडाचा तुकडा, कोरलेले नाणे, फीत, किल्ली. त्यांतल्या फार थोड्या माता परत येऊ शकल्या. या खुणांकडे पाहून, या बायांना पर्वा नव्हती, असे म्हणण्याची छाती कोणाला होईल? आपल्याकडे पंढरपुरास १८७५ साली प्रार्थना समाजाच्या मंडळींनी बालकाश्रम काढला, आणि त्याच्याही बारा वर्षे आधी जोतीराव व सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या-प्रतिबंधक गृह उघडले. तेथे आलेल्या विधवा मातांच्या हृदयात वात्सल्याचा दुष्काळ होता असे त्या दांपत्याने क्षणभरही मानले नाही, दुष्काळ कशाचा आहे हे ती दोघे अचूक ओळखून होती.

वात्सल्याच्या प्राचीनतेची साक्ष पाहण्यासाठी लंडनलाही जावे लागत नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून बरीच वर्षे उत्खनन केले आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे, ताम्रपाषाणयुगातले शेतकऱ्यांचे गाव उजेडात आणले. तेथील प्रौढ मृतांना जमिनीत आडवे पुरलेले आढळते, त्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले असतात. लहान मुलांची रीत निराळी. मातीचे दोन रांजण तोंडाला तोंड लावून, त्यांच्या पोटात मुलाला ठेवून, राहत्या घराच्या जमिनीखाली ते पुरून टाकीत. या विधीचा अर्थ काय असावा याविषयी विद्वानांत मतांतर असू शकेल. रांजणाच्या जोडीत कोणाला मातेचे उदर दिसले आहे. माझ्या दृष्टीने निर्णायक गोष्ट ही, की त्या लोकांनी गेलेले मूल गावाबाहेर नेले नाही. जेथे चूल पेटत होती, जेथे उरलेली भावंडे निजत होती, त्याच जमिनीखाली, उंबऱ्याच्या आत, त्यांनी ते राखले. अशा रांजणांची त्या गावात मोठी संख्या आहे. ममता होती, ज्वर, अतिसार आणि अवर्षण यांपुढे तिचे काही चालत नव्हते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही घरची सगळी मंडळी, म्हणजे माझी वृद्ध आई, आम्ही उभयता, मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात, पुण्यास गेलो असता बाजीराव रस्त्यावरचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावयास गेलो. त्या संस्थेच्या फलकावर बाल्य हा शब्द कोठेही नाही, तरी महाराष्ट्रात बाल्याच्या इतिहासाचे संग्रहालय कोणते असे मला विचारले तर मी त्याचेच नाव घेईन. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा हा बालवयातच गेला. पत्नी कमलाबाईंच्या साहाय्याने, खेडोपाडी हिंडून, प्रसंगी पदरमोड करून, अडकित्ते, दिवे, दौती, कोरीव दरवाजे, वाद्ये, वस्त्रे, गंजिफा, बाहुल्या, स्वयंपाकघरातली भांडी अशा वीस हजारांच्या वर वस्तू त्यांनी गोळा केल्या. १९६२ साली हा संग्रह लोकांस खुला केला आणि १९७५ मध्ये तो संपूर्णपणे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एवढी खटपट करून संस्थेला त्यांनी नाव दिले ते गेलेल्या मुलाचे. एका बापाचे प्रेम साऱ्या मराठी मुलखाची वस्तुसंपदा एका वाड्यात आणू शकले, परंतु आपल्या मुलाला मोठे होताना पाहणे त्याला साधले नाही. घर सुशिक्षित, शहर पुणे, तरीही ही गती. मग ज्या पाड्यापासून दवाखाना दोन डोंगरांपलीकडे होता तेथे काय होत असेल, याचा विचार त्या दालनांतून फिरताना माझ्या मनातून हलेना.

बाहुल्यांच्या कपाटाशी नात रेंगाळली, हे स्वाभाविकच होते. आई मात्र तेथे थांबली नाही. ती पुढे जाऊन तांब्या-पितळेच्या भांड्यांपुढे उभी राहिली आणि बराच वेळ तेथून हलली नाही. मी जवळ गेलो तेव्हा ती म्हणाली, “येवढाच हंडा होता आमचा. नऊ वर्सांची असेन मी, हा डोकीवर आणि धाकटा कडेवर.” मी विचारले, “आणि खेळायचीस कधी गं?” ती म्हणाली, “खेळायला कोण नको म्हणत होतं? पण वेळ कुठं होता? आईनं माझ्यावर जीव नाही लावला असं नको समजूस. लोकांची लावणी करून ती यायची, पदरात गुळाचा खडा बांधून आणायची, तो मलाच. पण तिला काम होतं, तसं मलाही होतं.” आरिएस, डिमॉस आणि पोलॉक या तिघांचा वाद माझ्या आईने त्या भांड्यांपुढे ज्या नेमकेपणाने सोडविला, तसा तो कोणत्याही ग्रंथात सोडविलेला मला आढळला नाही. गुळाचा खडा हे वात्सल्य. ते पूर्ण होते, त्यात तसूभर उणे नव्हते. आणि त्याच घरात बाल्य नव्हते, कारण ते विकत घेण्याइतकी मजुरी आजीला मिळत नव्हती.

बाल्याची सनद प्रेमाने लिहिली जात नाही याचा दाखला आपल्या कायद्यांच्या इतिहासात आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत लहान मुले राबत असत. १८७५ साली मुंबई सरकारने या प्रश्नाची चौकशी करण्यासाठी कमिशन नेमले, तेव्हा त्याच्या बहुसंख्य सभासदांना कायद्याची गरजच वाटली नाही. पुढे १८८१ चा कायदा झाला आणि सात वर्षांखालच्या मुलास कामावर ठेवण्यास बंदी आली. सात ते बारा वर्षांच्या मुलाचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले गेले. आज हे वाचून अंगावर काटा येतो, पण त्या काळी ती सुधारणा होती. १८९१ मध्ये वयाची मर्यादा नऊ झाली आणि तास सात झाले. १९२२ मध्ये मर्यादा बारा, तास सहा. स्वराज्य आल्यावर १९४८ च्या कायद्याने चौदा. या पायऱ्या चढत असताना मुंबईच्या आईबापांची माया सात वर्षांवरून चौदा वर्षांपर्यंत वाढत गेली असे कोणी म्हणणार नाही. शिवाय पहिल्या कायद्याचा आग्रह धरणाऱ्यांत लँकेशायरचे गिरणीमालक पुढे होते. हिंदी मुलांवर त्यांचा लोभ होता असे नव्हे, स्वस्त हिंदी मजुरीशी स्पर्धा करणे त्यांना जड जात होते. स्वार्थातून निघालेल्या कायद्याने का होईना, काही हजार मुलांच्या आयुष्यात काही तासांचे बाल्य आले, जे त्यांच्या मातांच्या साऱ्या अश्रूंनी आले नव्हते. आणि उलट बाजूने, १९११ मध्ये नामदार गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे जे अत्यंत सौम्य विधेयक मांडले, ते पुढल्या वर्षी अडतीस विरुद्ध तेरा मतांनी फेटाळले गेले. फेटाळणाऱ्यांना घरी मुलेबाळे होती आणि ती त्यांची लाडकी होती, यात संशय घेण्याचे कारण नाही.

आता मी आमच्या जिल्ह्याकडे वळतो. कारण या विषयाचे सर्वांत मोठे उदाहरण माझ्या मते येथेच, पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागात, घडले आहे. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी निराळा झाला. मी सांगतो तो काळ ठाणे जिल्ह्याचा. १९४५ साली या मुलखात मुंबई-पुण्याच्या शिक्षित वर्गातून आलेल्या दोन स्त्रियांनी दोन कार्यांना आरंभ केला. पहिल्या गोदावरी परुळेकर. लग्नासाठी सावकाराकडून पाचपन्नास रुपये उचलले म्हणून नवराबायको जन्मभर त्याच्या घरी राबत, त्यांना लग्नगडी म्हणत; त्यांची मुले चालू लागताच मालकाची गुरे वळावयास जात आणि कर्जासहित पुढच्या पिढीत उतरत. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ करावयाची नाही, असा त्यांनी निश्चय केला. त्या पावसाळ्यानंतर गवतकापणीचा हंगाम आला, मुंबईच्या तबेल्यांना ज्या गवताच्या गाठी या भागातून जात त्या कापणीसाठी पाचशे पौंडांस अडीच रुपये या दराची मागणी झाली, आणि ऑक्टोबरात तलवाडे येथे जमलेल्या निःशस्त्र जमावावर पोलिसांनी गोळीबार केला; जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती त्यात पडले. गोदावरीबाईंनी हा सारा इतिहास ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात लिहून ठेवला आहे. दुसऱ्या ताराबाई मोडक. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत माँटेसरी पद्धतीचे प्रयोग करून, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेऊन, दादरला शिशुविहार चालवून झाल्यावर, वयाच्या ५३ व्या वर्षी त्या बोर्डीस आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला होता आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले होते. त्या पुढे शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि १९९२ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी हे क्षेत्र सोडले नाही.

या दोन कार्यांचा एकत्र विचार कोणी करीत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. एका कार्याला चळवळ म्हणतात, दुसऱ्याला शिक्षणसेवा. एकाचा इतिहास लाल झेंड्याच्या दप्तरात, दुसऱ्याचा गांधीवादी रचनात्मक कार्याच्या. परंतु बाल्याच्या दृष्टीने पाहिले तर ती एकाच सनदेची दोन कलमे आहेत. बाप लग्नगडी असेल तर मुलासाठी उत्तम बालवाडी काढूनही ती ओस पडेल. आणि बापाला अडीच रुपये मिळाले, पण पाड्याच्या जवळपास मुलाचे मन ओळखणारे कोणी नसले, तर मोकळा झालेला तो वेळ वाऱ्यावर जाईल. ताराबाईंना पहिल्या कलमाची जाणीव अनुभवाने झाली, हे त्यांचे मोठेपण. बोर्डीच्या बालवाडीत गरीब वस्तीतली मुले येईनात, तेव्हा त्यांच्या आईबापांना बोल लावीत त्या बसल्या नाहीत. शिक्षिकेने वस्तीतल्या अंगणात जावे, मुलांना तेथेच गोळा करावे, न्हाऊमाखू घालावे, केस विंचरावे, गाणी-गोष्टी सांगाव्यात, अशी अंगणवाडीची योजना त्यांनी केली. १९५७ मध्ये कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा थोरली मुले गुरांमागे रानात असतात असे दिसून आले. त्यावर कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरे चरत आहेत तेथेच शाळा. माँटेसरीबाईंची इटालियन साधने महाग, तर शिंपले, बिया, खडे, पाने यांची साधने झाली. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळण्यासाठी घरी राहते, तर विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आली; बहिणीने भावाला कडेवर घेऊनच यावे. माझ्या आईच्या कडेवरच्या धाकट्याचीही सोय करणारे डोके हे होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातील तेहतीस ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले, आणि आज ते देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचले आहे. त्या योजनेचे मूळ आमच्या जिल्ह्यातल्या अंगणांत आहे, हे बोईसरच्या शाळांत कोणी मुलांना सांगत असेल तर मला फार आनंद होईल.

आणि तरीही सनदेची अंमलबजावणी अर्धीच राहिली. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे मुले कुपोषणाने गेली आणि सारा महाराष्ट्र हादरला. तेव्हाही आईबापांच्या अज्ञानाची चर्चा पुष्कळ झाली आणि मजुरीची थोडी. वीटभट्टीचा व्यवहार ज्याने जवळून पाहिला आहे त्याला तेथील मूल शाळेत का नाही, हे समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा कुटुंब बयाणा घेते. हंगामभर राबून तो फेडावयाचा असतो. मजुरी दिवसावर नसून हजार विटांमागे असते. जेथे हजारावर हिशेब आहे तेथे कुटुंबातला प्रत्येक हात, मग तो सहा वर्षांचा का असेना, विटा उलथून वाळत घालतो, कारण त्याने शंभर विटा हलविल्या तर तितक्या लवकर बयाणा फिटतो. मूल हजेरीपुस्तकात नसते, म्हणून कायद्याच्या दृष्टीने ते कामावरच नसते. २००९ च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क दिला, परंतु बालमजुरीच्या कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीने शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाच्या व्यवसायात हातभार लावण्याची मुभाही ठेवली. कुटुंबाच्या नावाआड उभे राहून मूल राबवून घेणे त्यामुळे सोपे झाले. वसईच्या भागात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच्या झोपड्यांजवळ भोंगा शाळा चालविल्या, त्या कोसबाडच्या कुरणशाळेच्याच वंशातल्या. शाळा मुलाजवळ नेली की मूल येते, आणि आईबाप त्याला पाठवितात, हे या प्रयोगांनी पुनःपुन्हा दाखविले आहे. झाडाच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधून, विटा थापता थापता मधूनच तिला झोका देणारी आई मी आमच्या भागात कित्येकदा पाहिली आहे. तिला पर्वा नाही, असे म्हणणाऱ्याने त्या झोळीखाली अर्धा तास उभे राहावे, एवढीच माझी विनंती आहे.

येथे एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. काम म्हणजे सर्वस्वी बाल्याचा शत्रू, असे तुम्ही धरून चालता. पण वारल्याचे मूल गुरांमागे फिरता फिरता शेकडो झाडांची नावे शिकते, मांगेल्याचे मूल जाळ्याची गाठ शिकते, आणि तुमच्या वसाहतीतले मूल सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, रात्री गृहपाठ यांत असे जखडलेले असते की त्याला बाल्य आहे असे तरी कोणत्या तोंडाने म्हणावे? या आक्षेपात तथ्य आहे. माझ्या नातीची दिनचर्या एखाद्या कारकुनाच्या दिनचर्येहून फारशी मोकळी नाही, आणि पुण्याच्या प्रवासातही तिच्या पिशवीत व्यवसायमाला होती. ज्यांना सनद मिळाली ते तिच्यावरची जमीन पडीक ठेवतात किंवा स्पर्धापरीक्षांकडे गहाण टाकतात, हे दुःख मला मान्य आहे. परंतु यावरून गुराखी मूल सुखी, असा निष्कर्ष काढणे हे पोट भरलेल्या माणसाचे काव्य आहे. फरक कामात नसून ते काम सोडण्याची मोकळीक असण्यात आहे. मांगेल्याचा मुलगा वडिलांसोबत होडीवर जातो आणि दुसऱ्या दिवशी शाळेतही जातो, तेव्हा ते काम त्याचे शिक्षण आहे. बयाणा फिटेपर्यंत ज्याला भट्टी सोडता येत नाही त्याचे काम वेठ आहे. कोसबाडला हा विवेक होता. त्या स्त्रियांनी मुलाच्या हातातले शिंपले काढून घेतले नाहीत, त्यांवरच अंक शिकविले. डहाणूकडचे थोर वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांच्याविषयी असे सांगतात की बालपणी आई गेल्यावर त्यांची वाचाच बसली आणि ते धुळीत आकृती रेखून मनातले सांगू लागले. त्या मुलाला कोणती शाळा मिळाली असती तर बरे झाले असते, याचे उत्तर कोणत्याही शिक्षणखात्याच्या परिपत्रकात सापडणार नाही. पण ताराबाईंच्या अंगणात धुळीवर रेघा काढणाऱ्या मुलाला जागा होती, एवढे मी खात्रीने म्हणू शकतो.

सरावली, सालवड, पास्थळ, कुंभवली या गावांच्या शिवारात तारापूरची औद्योगिक वसाहत वाढली, समुद्राकाठी १९६९ मध्ये अणुवीज केंद्र सुरू झाले, आणि आज बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, खानदेश, मराठवाडा येथून आलेल्या कामगारांची मुले आमच्या चाळींत वाढत आहेत. या परिसरात बाल्याच्या इतिहासाचे एक संग्रहालय व्हावे, असे मला मनापासून वाटते. ते लहान असले तरी चालेल, एखाद्या जुन्या शाळेच्या दोन खोल्यांतही भागेल. मात्र त्यात खेळण्यांना पहिले स्थान नसावे. जिल्हा परिषदेच्या शाळांतले जनरल रजिस्टर ही माझ्या मते या जिल्ह्यातली बाल्याविषयीची सर्वांत मोठी बखर आहे. तिच्यात कित्येक मुलांची जन्मतारीख १ जून लिहिलेली दिसेल, कारण जन्माची नोंद नव्हती आणि शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून गुरुजींनी ती तारीख बहाल केली. शाळा सोडल्याच्या कारणाच्या रकान्यात ‘सतत गैरहजर’ एवढेच दोन शब्द आढळतील. त्या रकान्याशेजारी त्या वर्षीचा भट्टीचा दर, गवतकापणीचा दर, तांदळाचा भाव आणि जवळच्या दवाखान्याचे अंतर लिहून ठेवावे, म्हणजे गैरहजर कोण होते ते वाचणाऱ्यास समजेल. हंगामापुरते गाव सोडणाऱ्या मुलांना जे शिक्षण हमी कार्ड दिले जाते ते तेथे असावे, आणि त्या कार्डाच्या बळावर किती मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेने खरोखर दाखल करून घेतले, हेही असावे. झरीच्या ठरावाची आणि बोर्डीच्या पहिल्या अंगणवाडीची माहिती एकाच भिंतीवर लागावी. कोसबाडच्या बिया आणि शिंपले तेथे ठेवावेत, पण काचेखाली नको. येणाऱ्या मुलाने ते हाताळले पाहिजेत.

यास खर्च फारसा नाही, जागाही मिळण्याजोगी आहे. अडचण एकच दिसते. जुनी रजिस्टरे जीर्ण होत आहेत, काही वाळवीने खाल्ली आहेत, आणि दप्तराच्या फेरतपासणीत जुने कागद रद्दीत जाण्याची वहिवाट आपल्याकडे जुनीच आहे. म्हणून संग्रहालय केव्हाही होवो, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा आणि वसई या आठही तालुक्यांतील शाळांची १९७५ पूर्वीची जनरल रजिस्टरे जिल्हा परिषदेने या वर्षीच एकत्र आणून त्यांच्या प्रती करून घ्याव्यात, आणि हे काम करताना प्रत्येक शाळेने गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलावून, आपले नाव त्या वहीत का आले नाही, किंवा आले तर चौथीच्या आत का कमी झाले, हे त्यांच्या तोंडून लिहून घ्यावे. माझी आई अजून आहे, तिच्या बरोबरीच्या आणखी काही जणी सरावलीत आहेत, आणि त्या बोलावयास तयार आहेत.